मानाचा वाटा

गेल्या महिन्यात आमच्या संस्थेतल्या निवृत्त लोकांचा मेळावा झाला. चहा झाल्यावर एकाने उठून माझं कौतुक केलं. दुष्काळात बाजारात धड मटण मिळत नव्हतं, तेव्हा यांनी ऑफिसातली माणसं जमवून वाट्याने बोकड घ्यायची पद्धत पाडली आणि सगळ्यांना स्वस्तात चांगलं खाऊ घातलं, असं तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडून खाली बसलो. घरी आल्यापासून मात्र माझी चिडचिड थांबत नाही. ती पद्धत मी पाडली नव्हती. ज्याने पाडली तो आता नाही, आणि तो डोक्याने गरम होता म्हणून त्यातून बाहेर पडला, असंही एक वाक्य त्या भाषणात होतं. ते वाक्य ऐकून मी गप्प बसलो. आता ऐंशीच्या पुढे गेलो आहे. आणखी किती गप्प बसायचं?

बाहत्तरच्या दुष्काळात मी भूमला एका सहकारी संस्थेत कारकून होतो. बायकोचं दुसरं बाळंतपण तिच्या माहेरी, तेरला झालं आणि ती भूमला परत आली ती पांढरीफटक होऊन. चुलीपासून उठली तरी तिला घेरी यायची. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिची पापणी ओढून पाहिली आणि अंगात रक्त नाही म्हणाले. लाल गोळ्या दिल्या, त्या तिला सोसेनात. मग म्हणाले, काळीज द्या, मटण द्या, हाडांचा रस्सा द्या. पण जनावर बघून घ्या. रोगट जनावराचं खाल्लं तर हिच्या पोटाला झेपायचं नाही.

जनावर बघून घ्या म्हणणं सोपं होतं. त्या उन्हाळ्यात भूमच्या बाजारात बघण्यासारखं जनावर कुठे होतं? लोक खडी फोडायच्या कामावर होते, घरात रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी होत्या आणि दावणीला वैरण नव्हती. शेरडं-मेंढरं मिळेल त्या भावाने निघत होती. कुठून कुठून चालवत आणलेली, डोळे खोल गेलेली, नाकातून पाणी गळणारी. काही शेळ्या तर गाभण असायच्या. त्याही कापल्या जायच्या. मी नेमाने खाटकाकडे जायचो, निवडून मागायचो, आणि घरी आल्यावर पातेल्यावर करडा फेस यायचा. मटण शिजायचं नाही, शिजलं तर दोऱ्यासारखं लागायचं. बायको दोन घास खायची आणि मोरीकडे धावायची. सोलापूरकडून येणारं बरं मटण एखाद्या बड्या घरी पोचत असेल, माझ्या पगारात ते बसत नव्हतं.

एकदा मी ते मटण तसंच पिशवीत घालून खाटकाच्या दुकानावर नेलं आणि चार माणसांत त्याला नाही नाही ते बोललो. तो सुरी पुसत ऐकून घेत होता. मग म्हणाला, "साब, दुष्काळ क्या सिर्फ आदमी को है? बकरा बी इसी गाव का है." बसलेली माणसं हसली. मी पिशवी तिथेच टाकून घरी आलो आणि त्या दिवशी आम्ही डाळ खाल्ली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझं तोंड बघून शेजारच्या टेबलावरच्याने काय झालं ते विचारलं. तो माझ्याच वयाचा, संस्थेच्या गोदामाचा हिशोब बघायचा. बौद्ध घरातला, त्याच्या घराण्यातला पहिला मॅट्रिक. माझी त्याची अरे-तुरेची दोस्ती होती. जीभ मात्र तिखट. साहेब असो की शिपाई, तो कुणाला सोडायचा नाही. त्याची आई भूमपासून थोड्या अंतरावर, फाट्यावरून आत असलेल्या गावी राहायची आणि काळ्या उस्मानाबादी शेळ्या पाळायची. तिने दुष्काळाचा रंग ओळखून पावसाळा कोरडा जाताच निम्म्याहून जास्त शेळ्या विकून टाकल्या होत्या. जेवढ्यांना पाणी पुरेल तेवढ्याच ठेवायच्या, असा तिचा हिशोब. उरलेल्यांना ती बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, हिवराचा पाला घालायची. उन्हात लांब हिंडवायची नाही. गाभण शेळी खाटकाला द्यायची नाही, आणि खोकणारं बकरं असेल तर ते बाकीच्यांपासून दूर बांधायची.

तो म्हणाला, आपण पाच घरं मिळून आईकडून एक बोकड घेऊ. मधला दलाल नाही, बाजारापर्यंत चालवून दमवणं नाही, त्याने काय खाल्लं ते आपल्याला ठाऊक. वाटे घालू. एकट्याला न परवडणारं पाच जणांना परवडेल. एवढी सरळ गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. ती त्याच्या डोक्यातून आली, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

तो, मी, हेडक्लार्क, वसुलीला हिंडणारा एक आणि ट्रकचा ड्रायव्हर असे पाच जण ठरलो. हेडक्लार्कांना आम्ही भाऊसाहेब म्हणायचो. बागायती घरातले, बोलायला गोड. ठरणं आणि होणं यात मात्र माझा जीव गेला. कापलेलं त्याच दिवशी पाची घरांनी उचललं पाहिजे, नाहीतर उन्हात नासायचं. म्हणून सगळ्यांना चालेल असा वार हवा. भाऊसाहेबांचा सोमवार आणि शनिवार. वसुलीवाल्याचा गुरुवार आणि चतुर्थी. ड्रायव्हरच्या घरी मंगळवार, शुक्रवार. माझी एकादशी. उरले बुधवार आणि रविवार. त्यात कधी अमावास्या, कधी वसुलीचा दौरा, कधी ट्रक लातूरला. मी रोज टेबलांमधून हिंडून विचारायचो आणि रोज कुणाचं तरी काहीतरी निघायचं. घरी बायको भिंतीला टेकून भाकऱ्या थापत होती. तिकडे बोकडाला रोज पाणी पाजावं लागत होतं, आणि माझ्या मित्राच्या आईने निरोप पाठवला होता की कापायचा नसेल तर तसं सांगा, मी दुसऱ्याला विकून मोकळी होते.

मित्र हे सगळं ऐकून म्हणाला, "आधी तुमच्या देवांची एक मीटिंग घ्या. त्यांचा वार ठरला की आपण बोकडाकडं जाऊ."

भाऊसाहेब म्हणाले, "तुमचं बरं आहे, तुम्हाला वारच नाहीत."

"हायेत की. आमच्याकडं बी सातच हायेत," तो म्हणाला.

शेवटी एका रविवारी योग आला. बाजारातलाच तो खाटीक बोलावला होता. कातडं आणि वर थोडी मजुरी असं त्याचं ठरलं. मला बघून त्याने सलाम केला आणि त्या दिवसाबद्दल एक शब्द काढला नाही. मित्राच्या आईच्या घरासमोर, गावाबाहेरच्या लिंबाखाली काम झालं. मटण लालबुंद, पातळ चरबीचं, वास नाही. पळसाची पानं ओळीने मांडली आणि पाच वाटे घातले. मांडीचं, छातीचं, मानेचं, हाडाचं, चरबीचं, सगळं सगळ्या पानांत सारखं. काळजाचे पाच तुकडे करून प्रत्येक पानावर एक. मग एकाने वाट्यांकडे पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्याने काडी एका वाट्याला लावून विचारायचं, हा कुणाचा? पाठ केलेल्याने नाव घ्यायचं. ज्याचं नाव, त्याचं पान. आपलं-परकं बघायला डोळेच नाहीत, म्हणून भांडण नाही. पाठ करून मी उभा राहिलो होतो.

त्या रात्री बायको पोटभर जेवली. कुठे धावली नाही. जेवून झाल्यावर तिने आणखी थोडा रस्सा मागून घेतला, आणि मी भाकरी हातात धरून तिच्याकडे बघत बसलो.

पण त्याआधी, परत येताना एस.टी.त भाऊसाहेब माझ्या शेजारी बसले होते. मटण झकास आहे म्हणाले, म्हातारीने जनावर चांगलं राखलंय म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पुढच्या खेपेला त्याचा वाटा आधीच बाजूला काढू. एका ओळीत नको. माझं काही नाही हो, पण घरी विचारतात."

मला राग आला. ज्या दावणीचं जनावर चालतं, ज्या घराचं पाणी आत्ताच पिऊन आलो, त्या घराचं पान आपल्या पानाला लागलेलं चालत नाही, हा कुठला हिशोब? हे सगळं माझ्या मनात आलं. तोंडातून आलं ते असं, की बघतो. भाऊसाहेब गेले असते तर बाकीचे दोघे त्यांच्यामागे गेले असते. दोन घरांना बोकड परवडत नाही. मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत काळजाचा तुकडा होता.

मित्राला खरं कारण सांगायची माझी छाती झाली नाही. मी त्याला म्हणालो की जनावर तुमच्या दारचं, तेव्हा पहिला वाटा मालकाचा. तो आधी बाजूला काढायचा, आणि बाकीचे चार ओळीत घालायचे. मानाचा वाटा. आपल्याकडे पोळ्याला मान, जत्रेला मान, कुणाची बैलजोडी पुढे याचाही मान. त्यामुळे हे शब्द माझ्या तोंडात सहज बसले. तो एवढंच म्हणाला, बरं.

पुढच्या खेपांना तसंच झालं. खाटकाने मोठे तुकडे पाडले की भाऊसाहेब स्वतः पुढे होऊन एक ढीग करायचे आणि तो लिंबाच्या पलीकडे, वेगळ्या पानावर जायचा. ओळीतल्या वाट्यांवर सगळ्यांचे डोळे असायचे, त्यात एक तुकडा इकडचा तिकडे झाला तर वसुलीवाला बोट दाखवायचा. त्या बाजूच्या ढिगाला बोट दाखवणारं कुणी नव्हतं. त्यात हळूहळू हाडं वाढली. काळीज नंतर चिरलं जायचं, तोवर त्याचा वाटा काढून झालेला असायचा. तेव्हा काळजाचे चारच तुकडे व्हायचे. एकदा तर पाच झाले, आणि भाऊसाहेबांनी पाचवा माझ्या पिशवीत टाकला. म्हणाले, तुमच्या मंडळींना डॉक्टरांनीच सांगितलंय. मी पिशवीचं तोंड बांधलं.

बायकोच्या गालांवर रंग येत होता. पाण्याची घागर ती स्वतः आणू लागली. त्या दिवसांत मी स्वतःला रोज सांगायचो की एवढा उन्हाळा निघू दे, मग बघू.

मग एका रविवारी खाटकाने काम सुरू करायच्या आधीच मित्र पुढे आला. त्याची आई उंबऱ्यात बसली होती. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आज मान तुझा. तुझा वाटा बाजूला काढू, माझं नाव ओळीत धर."

मी भाऊसाहेबांकडे बघितलं. ते दुसरीकडे बघत होते. ड्रायव्हर म्हणाला, कशाला उगीच, चाललंय ते चालू द्या. मी पिशवीची घडी घालत राहिलो.

मित्राने थोडी वाट पाहिली. मग म्हणाला, "मानाचा वाटा कशाला म्हंतेत ते मला पयल्या खेपंलाच कळलं होतं. वहिनीचं बघून गप बसलो. पण काळीज तिला पायजे होतं तर मला सांगायचं की. म्या माझ्या हातानं दिलं असतं."

तो ओरडला नाही. डोक्याने गरम वगैरे काही नाही. त्याने बोकडाचं दावं सोडलं, त्याला आत नेऊन बांधलं आणि खाटकाला त्याची मजुरी देऊन टाकली. आम्ही चौघे रिकाम्या पिशव्या घेऊन फाट्यावर आलो. भाऊसाहेब म्हणाले, चांगलं चाललेलं मोडलं, यांना चांगुलपणा कळत नाही. हीच गोष्ट पुढे ऑफिसात पसरली, आणि तीच त्या मेळाव्यात बोलली गेली.

आम्ही चौघांनी दुसरीकडून एक बोकड घेतला. तो मेंढरांच्या कळपामागे लांब चालून वाळलेला निघाला, आणि त्याच्या फुप्फुसात गाठी होत्या. खाटकाने आम्हाला दाखवून ते फेकून दिलं. उरलेल्या मटणावरून चौघांत अशी भांडणं झाली की वाटे पुन्हा घातले गेले नाहीत. बायको परत बाजारच्या मटणावर आली, म्हणजे परत मोरीकडे धावू लागली. डॉक्टर मला म्हणाले, चांगलं चाललं होतं, मध्येच काय केलंत?

मग मला तिला सांगावं लागलं. तिने सगळं ऐकलं. मूल मांडीवर होतं, त्याला थोपटत म्हणाली, "म्हणजे मी त्यांच्या पानातलं खात होते." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "आता माझं नाव पुढं करून काही करू नका. जायचं तर सरळ जाऊन विचारा."

मी सरळ जाऊन विचारलं. तुझी आई मला बोकड देईल का? तो हिशोब लिहिता लिहिता म्हणाला की देईल, पण अख्खा तुला परवडणार नाही. तू वाटेकरी आण. सगळे एका ओळीत. आधी सांगून आण.

त्या उन्हात मी भूम पालथं घातलं. पोस्टात गेलो, शाळेत गेलो, एस.टी.च्या कंट्रोलरकडे गेलो, ओळखीच्या दुकानदारांकडे गेलो. बोकड कसा राखलाय, काय खातो, बाजारापेक्षा किती फरक पडतो, हे सगळं लोक कान देऊन ऐकायचे. शेंगा खाल्लेल्या जनावराचं मटण गोड असतं, असं मलाच सांगायचे. मग मी म्हणायचो, पाचवा वाटा अमक्याचा, आणि ओळ एकच. तिथे बोलणं थांबायचं. कुणाला घरी विचारायचं असायचं. कुणाचा श्रावण लागायला दोन महिने असताना त्याला श्रावण आठवायचा. एक मास्तर, रोज पोरांना समतेचे धडे देणारे, मला म्हणाले की मटण चांगलं असताना ओळीचं काय घेऊन बसलात, तो जरा बाजूला बसला तर बिघडतं कुठे? मी त्यांच्यावर चिडलो आणि बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं की तीन महिन्यांपूर्वी मी वेगळं काय केलं होतं. त्यांनी निदान तोंडावर सांगितलं.

शेवटी दवाखान्यातली नर्सबाई तयार झाली; एकटी राहायची, अर्धाच वाटा हवा म्हणाली. अर्ध्याने भागत नव्हतं. मी थकून खाटकाच्या दुकानासमोरून चाललो होतो. त्याने हाक मारून बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, सगळ्या गावाला विचारलं, मला कोण विचारणार? मी म्हणालो, तू तर विकणारा, तू वाटा कशाला घेशील? तेव्हा तो म्हणाला, "साब, मेरे घर में बी बच्चे हैं. दुकान का उनको नहीं खिलाता मैं." त्याने स्वतःचा एक वाटा आणि भावाचा एक असे दोन धरले. नर्सबाईचा उरलेला अर्धा मी घेतला. परवडत नव्हतं. पण घेतला.

त्या रविवारी बायको म्हणाली, मीही येते. मी नको म्हणालो. फाट्यापासून चालायचं होतं, सावली नव्हती. ती मुलांना शेजारी ठेवून निघाली. वाटेत दोनदा बसली, तिथे पोचल्यावर मित्राच्या आईने तिला गूळ-पाणी दिलं आणि हात धरून बाजेवर बसवलं. त्या दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. मी पळसाची पानं धुवत होतो.

पानं एका ओळीत मांडली. काळजाचे तुकडे सारखे झाले की नाही ते सगळ्यांनी बघितलं. आता पाठ कोण करणार म्हटल्यावर मित्र माझ्याकडे बघून म्हणाला, तू नको. बायको उठली. तिने पदर खोचला आणि वाट्यांकडे पाठ करून शेताकडे तोंड करून उभी राहिली. मित्राने काडी लावली.

"हा कुणाचा?"

"आईंचा," ती म्हणाली.

मग खाटकाचं, नर्सबाईचं, खाटकाच्या भावाचं. उरलेलं आमचं. नर्सबाईच्या पानातलं अर्धं आमच्या पानात आलं आणि सगळ्यांनी आपापली पानं उचलली. म्हातारीने आपल्या पानातला काळजाचा तुकडा काढून बायकोच्या पानात ठेवला. बायको नको म्हणाली. म्हातारी म्हणाली, अंगावर पाजतीस, गप घे. तेव्हा तिने घेतला.

मी मित्राजवळ गेलो. बरेच दिवस मनात जुळवलेलं वाक्य होतं, ते बोलायला तोंड उघडलं. तो खाली बघून म्हणाला, "आधी पिशवी उचल. मुंग्या लागल्या."

मी पिशवी उचलून झटकली. ते वाक्य राहिलं ते राहिलंच. पुढे त्याची बदली उमरग्याला झाली, माझी दुसरीकडे झाली. भेटी झाल्या, मुलांची लग्नं झाली, पण त्या उन्हाळ्याचा विषय त्याने काढला नाही आणि मीही नाही.

त्या दिवशी परत निघालो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. एस.टी. चुकेल म्हणून मी घाई करत होतो. बायको पुढे होती आणि पिशवी तिने स्वतःकडेच ठेवली होती. मी दोनदा मागितली, तिने दिली नाही. फाट्यापर्यंत ती कुठे बसली नाही.